सांगितलं तेवढं सांग

आयर्लंडातल्या ह्या डून लेरी गावात माझ्याएवढं चांगलं इंग्रजी बोलणारा दुसरा म्हातारा सापडायचा न्हाई. मला 'सॉरी' येतं, 'थँक्यू' येतं, आन् समोरचा कितीबी लांबलचक बोलला तरी शेवटाला 'ग्रँड' म्हणायचं, हे येतं. तेवढ्यावर हितला बसचा डायव्हरबी खूश ऱ्हातो.

माझी अडचण मराठीची हाय. पोराच्या घरात मला मराठी येत न्हाई.

म्हंजे असं. रविवारचं जेवण व्हतं. टेबलाच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला माझे व्याही, मधी आमटीचं भांडं. व्याही पुण्याचे. कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, लेकीकडं उन्हाळा काढाया आलेले. हितला उन्हाळा म्हंजे स्वेटर घालून खिडकीतनं बघायची गोष्ट. बाजूला माझा पोरगा मिलिंद, सून गार्गी आन् नात इरा. व्याह्यांनी आमटी वाढून घेतली, पळी भांड्यात ठेवली आन् मिलिंदला म्हणले,

"तुझ्या वडिलांना विचार, आमटी हवी का त्यांना."

मी तितंच. हात लांब केला असता तर त्येंच्या चष्म्याला लागला असता.

मिलिंद माझ्याकडं वळला. "बाबा, आमटी?"

मी म्हणलो, "दे. पर हिच्यात मीठ कमी हाय आन् गूळ लई. ही आमटी हाय का बासुंदी?"

मिलिंद व्याह्यांकडं वळला. "बाबा म्हणतात, छान झालीय."

व्याह्यांनी मान डोलावली. म्हातारा समाधानी हाय म्हणून तेबी समाधानी. गार्गीनं मान खाली घातली, कारण आमटी तिची व्हती आन् कान शाबूत व्हते. इरा एकटी खुदकन हसली. पोरीला मराठी समदं कळतं, बोलती मातुर हितल्या पोरांसारखं नाकातनं इंग्रजी. ती म्हणली, "दॅट्स नॉट व्हॉट ही सेड." मिलिंदनं डोळे वटारले. ती पोळी चावाया लागली.

मग व्याह्यांनी आणखी इचारलं. मला न्हाई, मिलिंदला. "कुठल्या पोस्टात होते म्हणालास ते?"

"ग्रामीण भागात, अण्णा. तिकडे आत," मिलिंद म्हणला.

तवा मला कळलं की मी पोस्टमन व्हतो. सत्तरी जवळ आल्यावर माणसाला सरकारी नोकरी लागली तर वाईट कशाला वाटावं? मी हसलो. समद्यांनी बघितलं की म्हातारा हसतोय. मग तेबी हसले. मला हसवाया आन् हसाया कुणी पगार देत न्हाई, पर काम माझं तेच हाय, आन् जबड्याची हाडं आता दुखत्यात.

त्या जेवणातच इराच्या शाळेचं निघालं. हितं शाळेत आजी-आजोबांना बोलवत्यात. आपल्या लहानपणी काय काम केलं ते नातवंडांच्या वर्गाला सांगायचं. व्याह्यांनी भाषण तयारच ठेवलं व्हतं. मिलिंद मला म्हणला, "बाबा, तुम्ही पण चला. पण नुसतं बसा. अण्णा बोलतील. तुम्ही हसलात तरी चालेल."

चालेल म्हणलो. म्हंजे, ग्रँड म्हणलो.

गार्गीला माझी दया आली असावी. पोरगी चांगली हाय, पर चांगुलपणाला बोलायचं धाडस लागतं, ते तिच्याकडं बापासमोर ऱ्हात न्हाई. तिनं माझं नाव इंग्रजीच्या वर्गात घातलं. चर्चच्या मागं हॉल हाय, तितं फुकट शिकवत्यात, वर चहा-बिस्कीट. ती मला दारापतुर सोडाया आली आन् म्हणली, दिवसभर खिडकीपाशी बसता, निदान चार माणसं भेटतील.

माणसं भेटली. समदी फ्रेंच बोलणारी. कांगोतली, आयव्हरी कोस्टची, एक अल्जेरियाचा. पुस्तकबी त्येंच्यासाठीच केलेलं. डाव्या अंगाला फ्रेंच, उजव्या अंगाला इंग्रजी. मला दोन्ही अंगं सारखीच, कारण मी शाळेची पायरी चढलेलो न्हाई. सही येती, तीबी दम लागल्यासारखी. पुस्तक उलटं धरलं व्हतं ते शेजारच्या बाईनं सरळ करून दिलं. ती क्लेमाँतीन. कांगोची. वयानं माझ्यापेक्षा थोडी लहान, अंगानं दुप्पट, म्हाताऱ्यांच्या आश्रमात लादी पुसाया जाती. तिला माझं बोलणं कळंना, मला तिचं कळंना. आमचं लगेच जमलं.

शिकवाया नोराबाई. हितल्याच, पांढरे केस, आवाज चर्चच्या घंटीवाणी. त्या दिवशी धडा असा व्हता की एकानं बोललेलं दुसऱ्यानं तिसऱ्याला कसं सांगायचं. फ्रेंचवाल्यांचं त्यात लई अडत व्हतं. त्येंच्या बोलीत म्हणे ते निराळ्या वळणानं जातं. तवा त्ये आपसात कुजबुजत, पुस्तकात बोट घालून भांडत बसले. मला काय भांडायचं? मला डाव्या अंगाची बोली ठाऊकच न्हाई.

नोराबाईंनी मग खेळ मांडला. क्लेमाँतीननं मला काहीतरी सांगायचं, आन् मी ते दाराजवळ बसलेल्या पॅट्रिसला जाऊन सांगायचं. क्लेमाँतीन शालीत मुटकुळं करून बसलेली. ती म्हणली, "आय ॲम कोल्ड." नोराबाईंनी मला खुणावलं. जा, सांग त्येला.

मी उठलो. टोपी काढून काखेत धरली. पॅट्रिसपाशी गेलो, त्येच्या पुढं गेलो, दार उघडलं, उंबऱ्याच्या बाहेर गेलो. पावलं मागं घेतली, हात जोडून छातीशी धरले, नजर जमिनीला लावली. आन् तितनं, थंडगार वाऱ्यात, मोठ्या आवाजात सांगितलं,

"क्लेमाँतीन सेड, शी कोल्ड!"

आवाज असा निघाला की पॅट्रिस बिचारा खुर्चीतनं अर्धा उठला. त्येला वाटलं बाई गेलीच.

हॉल हसून लोळला. नोराबाईंना वाटलं म्हाताऱ्यानं नाटक केलं. त्येंनी टाळ्या वाजवल्या, गुड मॅन म्हणल्या. मीबी मग वाकून मुजरा केला. लोकं हसत असली की आपण त्यात मिसळून जायचं, हा माझा जुना हुन्नर.

क्लेमाँतीन हसली न्हाई. तिनं इचारलं, "व्हाय यू गो आऊटसाईड?"

मी खांदे उडवले, दात दाखवले.

"कम इन," ती म्हणली. "शट द डोअर. आय ॲम कोल्ड."

मी आत आलो, दार लावलं, बसलो. चहा आला. प्यायला गेला न्हाई. कारण मी नाटक केलं नव्हतं. सांगावा सांग म्हणल्याबरुबर पाय आपले आपण उंबऱ्याबाहेर गेले व्हते. साठ वरसं झाली, समुद्र ओलांडून झाला, आन् पायांना कुणी कळवलंच न्हाई.

आमच्या घराकडं गावचा सांगावा व्हता. कुणाच्या घरात मयत झालं की त्येंच्या लेकीबाळींना, सोयऱ्यांना कळवायचं काम आमच्या वस्तीचं. फोन न्हाई, गाडी न्हाई. ऊन असो, चिखल असो, हातातला घास खाली ठेवून निघायचं. दुसऱ्याच्या मरणाची बातमी आपल्या पायांनी न्यायची, आन् ती नेणारा म्हणून आणखी अपशकुनी ठरायचं. डबल पगार तो एवढाच.

काम माझ्या बापाचं व्हतं. एकदा त्येला ताप भरला, उठता येईना. गावातल्या मोठ्या घरची म्हातारी गेली व्हती. तिची लेक नदीपलीकडच्या गावी दिलेली. मालकानं माझ्याकडं बघितलं. माझे दुधाचे दात पडत व्हते. मला म्हणलं, जाऊन सांग, 'आई गेली, माती थांबवलीय, निघून या.' मी वाटभर तेच घोकत पळालो. आई गेली, माती थांबवलीय, निघून या. एका बांधावर ठेच लागली तर रडतानाबी तेच म्हणत व्हतो.

घर सापडलं. कुंपणाच्या बाहेर, लिंबाच्या पलीकडं उभा ऱ्हायलो. बापानं शिकवलं व्हतं तसं. हात जोडून, नजर खाली, आवाज मोठा. सांगितलं.

लेक भाकरीच्या पिठाच्या हातानं बाहेर आली आन् मटकन खाली बसली. तसं रडणं मी जवळनं ऐकलं नव्हतं. जवळनं म्हंजे कुंपणापासनं. मला भ्या वाटलं. वाटलं आपणच कायतरी केलं. मी आपल्या मनानं म्हणलो, "रडू नगा अक्का. म्हातारी सुखानं गेली."

तिचा दीर ओसरीवरनं उतरला. कुंपणापतुर आला. पायातली चप्पल हातात घेतली व्हती.

"अक्का कुणाला रं? तुला मत इचारलं का कुणी? सांगितलं तेवढं सांग."

चप्पल फेकूनच मारली, हातानं मारली न्हाई. हात लावला असता तर त्येला अंघोळ लागली असती. मग माझ्याकडं न बघता गड्याला म्हणला, "त्याला म्हणावं, माघारी फिर. पाणी पाज, लांबनं." मी तितंच उभा व्हतो. गड्यानं मला सांगितलं, माघारी फिर. जसं काय मला मधल्या हवेतलं ऐकू येत नव्हतं.

घरी आलो. बापानं पडल्या पडल्या इचारलं, काय झालं रं? मी त्या दिराची नक्कल करून दावली. चालणं, चप्पल, आवाज, समदं. वस्ती जमली, पोट धरून हसली. बापबी तापात हसला. तवापासनं मी इनोदी माणूस हाय. मार पडला की त्येची नक्कल करायची, म्हंजे तो हलका व्हतो. जात मातुर न्हाई कुठं. पायात उतरून बसतो.

हे समदं मी संध्याकाळी मिलिंदला सांगितलं. तो प्रेसमधनं कप काढत व्हता. हितं कपाटाला प्रेस म्हणत्यात, माझ्या तोंडातबी आता तेच येतं. मी म्हणलो, शाळेत मी हेच सांगतो. शाळेनं इचारलंय ना, लहानपणी काय काम केलं? हेच केलं.

त्यो कप हातात धरूनच वळला. मग म्हणला की हितं मराठी माणूस भेटला की आडनाव इचारतो, मग गाव, आन् गावावरनं पुढचं तो मनातल्या मनात काढतो. ऑफिसात असंच, गणपतीला गेलं तर असंच. सासऱ्यांना समदं ठाऊक हाय, पर ठाऊक नसल्यासारखं वागायचं ठरलंय, त्यावर तर हे घर उभं हाय.

"मी दमलोय हो, बाबा. इराच्या शाळेत तरी हे नको. विचारलं तेवढंच सांगा."

चप्पल नव्हती त्येच्या हातात, कप व्हता. आवाज तर किती मऊ. मला राग आला न्हाई, ह्याचंच वाईट वाटलं. पोराला शिकवाया मी रेल्वेच्या यार्डात पाठ मोडली. ते शिकलं, इतक्या लांब आलं, आन् फिरून त्याच कुंपणापाशी येऊन मलाच थांबवाया उभं ऱ्हायलं. मी म्हणलो, बरं. चहा पिलो. झोपाया गेलो.

शाळेत बुटक्या बुटक्या खुर्च्या. आम्ही म्हातारे गुडघे कानाला लावून बसलो. हितल्या आज्या-आजोबांनी सांगितलं, कुणी गाई राखल्या, कुणी बोटीवर व्हता. मग व्याही उठले. सुरेख इंग्रजी, कोट, हातवारे. वडिलांची पुस्तकं, श्लोकांचं पाठांतर, असं कायबाय. वर्गाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग बाई माझ्याकडं वळल्या. माझ्याकडंच. डोळ्याला डोळा देऊन, सावकाश, की मला कळावं. तुम्ही काय काम करत व्हता, लहान असताना?

मी तोंड उघडायच्या आत मागनं मिलिंद बोलला. "ही सेज ही वॉज अ पोस्टमन. ही सेज ही इज व्हेरी हॅपी टू बी हिअर."

मी काय बोललोच नव्हतो. आन् माझं बोलणं सांगून झालं व्हतं.

इराकडं बघितलं. आमटीच्या येळी हीच पोरगी म्हणली व्हती, तो असं बोलला न्हाई. आज तिला ठाऊक व्हतं की म्हाताऱ्यानं तोंडच उघडलं न्हाई. तिनं बापाकडं बघितलं, आईच्या बापाकडं बघितलं, आन् गप बसली. नजर जमिनीला लावली.

ती नजर मी ओळखतो. ती माझी हाय. माझ्या बापाची हाय. ती मी तिला दिली नव्हती, कुणीतरी हळूच पोचवली व्हती.

मी उठलो. खुर्चीबी माझ्यासंगं उठली, बुडाला अडकून. पोरं हसली. मी खुर्ची सोडवून खाली ठेवली. ह्या खेपेला मी हसलो न्हाई.

"नो," मी म्हणलो. "आय नॉट सेड."

मिलिंदचा हात खांद्यावर आला, खाली दाबाया. मी तो काढला. त्येला मारल्यासारखा न्हाई, हळू काढला. बाईंना म्हणलो, "माय सन. गुड सन. बट आय टॉक."

आन् बोललो. कसलं इंग्रजी ते. वर्तमानकाळ, भूतकाळ एकाच पोत्यात. आय स्मॉल. मॅन डाय. आय रन, रन. फार व्हिलेज. आय से, मदर डेड, कम. दे क्राय. आय स्टँड आऊटसाईड. ऑल्वेज आऊटसाईड.

एका तांबड्या केसाच्या पोरानं हात वर केला. "व्हाय आऊटसाईड?"

क्लेमाँतीननं हेच इचारलं व्हतं. तिला मी दात दाखवले व्हते.

"दे सेड, मी डर्टी," मी म्हणलो. "मी नॉट डर्टी. दे लाय."

व्याही चष्मा पुसत व्हते. लई घाण झाला असावा, पुसतच ऱ्हायले. मग एका पोरीनं इचारलं, तुम्ही जोरात पळायचा का? मी म्हणलो, "ग्रँड." पोरं हसली, आन् मी इराकडं बघितलं. ती हसत नव्हती, पर मान वर व्हती. बघत व्हती माझ्याकडं. मला तेवढंच पाहिजे व्हतं. आणखी काय मिळालं न्हाई.

येताना समुद्राच्या कडंनं चालत आलो. वारा असा की माणसाचं बोलणं तोंडातच माघारी जावं. व्याही मिलिंदला म्हणले, "त्यांना म्हणावं, मुलांसमोर असलं बोलू नये." मी शेजारी व्हतो. मी म्हणलो, "व्याही, मला सांगा. मी हितंच हाय." त्येंनी पाय उचलले. मिलिंद दोघांच्या मधी चालत व्हता, नंतर कुणाच्याच बरुबर चालंना.

घरात आता शांतता हाय. चांगली न्हाई, नुसती शांतता. मिलिंद माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्येला किती जड जातंय ते मला दिसतं, आन् तरीबी मी माघार घेणार न्हाई. व्याही अजून पळी ठेवून मिलिंदलाच म्हणत्यात, विचार त्यांना. मी ऐकतो आन् जवाब देत न्हाई. मला थेट इचारलं तर जवाब. न्हाईतर भात कोरडा खातो. लई दिवस झाले आमटी न्हाई. तशी त्या आमटीची फार आठवणबी येत न्हाई.

हे मी बोलतोय आन् गार्गी लिहून घेतेय. तिला सांगितलंय, एक शब्द बदलायचा न्हाई. 'व्हतं'चं 'होतं' केलंस तर कागद फाडीन. ती म्हणली, फोनवर लिहितेय, बाबा. मग फोन फाडीन म्हणलो. बापाविषयीची वाक्यं लिहिताना तिचा अंगठा थांबत व्हता. मी वाट बघितली. लिहिली तिनं.

शाळेतल्या त्या दिवसानंतर इंग्रजीच्या वर्गाला मी गेलो आन् क्लेमाँतीनला समदं सांगितलं. पोस्टमन, खुर्ची, डर्टी, लाय. पॅट्रिस ऐकाया आला, अल्जेरियावाला आला, नोराबाई खडू हातात धरून थांबल्या. मग मला चेवच आला. मधोमध उभा ऱ्हाऊन सांगितलं की हितनं पुढं माझं बोलणं कुणी पोचवायचं न्हाई. पोरानं न्हाई, व्याह्यानं न्हाई. चुकीचं बोलीन, घाण बोलीन, पर उंबऱ्याच्या आत उभा ऱ्हाऊन बोलीन, आन् ज्येला ऐकायचं न्हाई त्येनं बाहेर जावं. दुसऱ्याचं मरण लई सांगितलं, आता माझं जगणं सांगतो. हे समदं म्हणलो. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, हातवारे व्याह्यांचे.

आणखी बोलणार व्हतो. क्लेमाँतीननं माझी बाही धरून मला खाली ओढलं आन् शाल सावरत उठली.

"यू टॉक टू मच," ती म्हणली. "सिट. माय टर्न."